जंतूंशी केलेली घासाघीस

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा दिवस इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ, आणि मी सवयीनं म्हटलं, "पाच करा."

त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे. मी कसली गंमत करते! अंगात ताप होता, डाव्या बाजूला बरगडीखाली पहार घातल्यासारखं दुखत होतं, खुर्चीवर नीट बसता येत नव्हतं. पण समोरच्यानं आकडा सांगितला की आपण अर्ध्यावर यायचं, हे माझ्या जिभेला इतकं पाठ आहे की त्याला डोकं लागत नाही. दहा म्हणणाऱ्याला सात हवे असतात आणि त्याला साडेसहावर आणता येतं, हे मी अमरावतीच्या भाजीबाजारात शिकले. तिथं पहिला आकडा कुणी खरा धरत नाही, सांगणारासुद्धा.

"पाच नाही," बाई म्हणाल्या.

"बरं, सात."

"ताई, हे वांगं नाहीये. किडनीपर्यंत गेलंय. या वेळी रक्तात उतरलं तर माझ्याकडे द्यायला फारसं काही उरलेलं नाही."

किडनीपेक्षा मला ते वांगं लागलं. वांग्याला कुणी हलकं बोललं की माझं डोकं फिरतं. वांग्यांवर माझ्या दोन्ही लेकरांची शिक्षणं झाली आहेत. मी फाइल उचलली, रिपोर्टच चुकीचा आहे असं म्हटलं आणि तडक बाहेर आले.

रिपोर्ट माझ्या भाचीच्या लॅबमधून आला होता. तिच्याकडे जाऊन भांडायचं, असं मी ऑटोत बसता बसता ठरवलं. ते भांडण सांगायचंच आहे. पण हे दुखणं माझ्या अंगात कसं शिरलं ते आधी सांगते, कारण आजवर ज्यानं त्यानं ते माझ्याच पदरात टाकलं आहे.

मी बाजारात आले ती डोक्यावर सांबाराची टोपली घेऊन. पुण्याकडचे त्याला कोथिंबीर म्हणतात. आमचा मळा शहराबाहेर. सासरे पिकवायचे, नवरा तोडायचा आणि विकायला कुणी जायचं यावर घरात रोज तोंडं वाकडी व्हायची. मी गेले. टोपलीवरून हातगाडी, हातगाडीवरून ओटा, ओट्यावरून स्वतःचा गाळा. आज शहरातल्या बऱ्याच हॉटेलांची भाजी माझ्या हाताखालून जाते.

आमच्याकडे हर्रास उजाडायच्या आत सुरू होतो. अडत्या मालाच्या ढिगापुढे उभा राहून बोली पुकारतो आणि व्यापारी भोवती कोंडाळं करतात. मी आले तेव्हा त्या कोंडाळ्यात बाई नव्हती. काही जुने लोक भाव रुमालाखाली ठरवायचे, एकमेकांची बोटं दाबून. बाईच्या हाताला हात कसा लावायचा, म्हणून माझ्यापुढं रुमाल निघायचा नाही आणि माल परस्पर जायचा. मी एकदा मधेच उभी राहिले आणि म्हटलं, लाज वाटत असेल तर रुमाल खिशात ठेवा आणि तोंडानं बोला. तेव्हापासून मी उभी असते त्या ढिगाचा भाव उघड्यावर होतो.

एवढं बोलणारी मी. पण एका गोष्टीवर वीस वर्षं तोंड उघडलं नाही. बाजाराच्या कोपऱ्यात बायकांसाठी दोन संडास बांधलेले आहेत. एकात अडत्यांचे रिकामे कॅरेट छतापर्यंत रचलेले, दुसऱ्याला कुलूप. चावी बाजार समितीच्या ऑफिसात. ऑफिसात विचारलं की चावी ज्याच्याकडे आहे तो माणूस रजेवर. हा माणूस मी बाजारात आले तेव्हापासून रजेवर आहे. पुरुषांना अडचण नाही. त्यांना भिंत आहे.

त्यामुळे बाजारात बसणाऱ्या बाईचं पहिलं शिक्षण तराजूचं नसतं, तहानेचं असतं. माझ्या गाळ्याशेजारी लिंबं विकणारी एक बुढी बसते. तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "रातच्या जेवणावर काय प्यायचं ते पाणी पिऊन घे. मंग दुपारी घरी जाईपर्यंत नावच घेऊ नको. चहा घेतला त अर्धा. तोंड वलं करायपुरता."

"अन् लागलीच त?"

"लागत नाई. सवय पडते."

सवय पडली. पहाटे चारपासून दुपारी एकपर्यंत मी जागेवरून हलत नसे. याचा मला अभिमान होता, हे आता लिहिताना राग येतो. लोक म्हणायचे, ही बाई ढीग सोडून जात नाही, हिच्यासमोर माल फिरवता येत नाही. मी खूश. लोक ज्याला माझी हिंमत म्हणत होते ती नुसती तुंबलेली लघवी होती.

पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा मी सगळ्या बायका म्हणतात तेच म्हटलं, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, सगळं झालं. लघवीला बसलं की मिरची लावल्यासारखी आग. चौथ्या दिवशी मेडिकलवर गेले. दुकानात दोन पुरुष उभे होते, ते जाईपर्यंत मी खोकल्याच्या बाटल्या वाचत बसले. मग हळूच सांगितलं. मेडिकलवाल्यानं न विचारता एक पट्टी काढली. "सकाळ-संध्याकाळ एक. पाच दिवस. दहा गोळ्या."

"दहा काहून? चार दे."

"कोर्स असतो ताई."

"कोर्स कॉलेजात असते. मले चार दे. आराम नाई पडला त उद्या येतो."

त्यानं कात्री घेतली आणि पट्टी कापली. एवढंच. त्यानं नको म्हटलं असतं तर मी दुसऱ्या मेडिकलवर गेले असते, हे त्यालाही माहीत होतं. दोन दिवसांत आग थांबली. मी त्याला वर ऐकवलं, "पाह्यलं? तू सहा गोळ्या जास्तीच्या देऊन राहिला होता."

दोन महिन्यांनी पुन्हा. त्या गोळीनं फरक पडेना, मग त्यानं दुसरी दिली, जरा भारी. तिच्याही चारच घेतल्या. पुढं तिसरी. अशी तीन-चार वर्षं गेली. या काळात मी ना कुठं लघवी तपासली, ना कुणी तपासायला सांगितलं. गल्लीतल्या डॉक्टरकडे दोनदा गेले, तो नाडी धरून आमच्या भागात टोमॅटो किती स्वस्त झाला ते विचारायचा आणि तीच गोळी लिहायचा.

इथं मला एक कबूल करायचं आहे. एकदा मी मेडिकलवाल्याकडून तिन्ही गोळ्यांच्या पट्ट्यांचा अख्खा डबा घेतला, ठोक भावात. घाऊक बाजारातल्या बाईनं सुटा माल का घ्यावा? तो डबा गाळ्यात, पावत्यांच्या खालच्या खणात ठेवला. बाजारातल्या बायकांना बातमी लागायला वेळ लागला नाही. पालकवाली यायची, फुलवाली यायची, लिंबवाली बुढी तर हक्कानं यायची. "ताई, उन्हाळी लागली वं." मी दोन गोळ्या कापून द्यायचे. जास्तच कण्हत असली तर तीन. पैसे घेतले नाहीत कधी. बायका आशीर्वाद द्यायच्या. माझ्या शब्दाला बाजारात जे वजन आलं त्यात त्या गोळ्यांचंही थोडं होतं, आणि मला ते आवडायचं.

मग गेल्या वैशाखात, भर हर्राशीत, मला थंडी वाजून आली. भोवतीचे लोक घामानं निथळत होते आणि माझे दात वाजत होते. गवारीच्या ढिगावर बोली लावताना आवाज थरथरला, तर समोरचा व्यापारी म्हणाला, "काय ताई, आज घाबरल्या का?" मी त्याच्यावर दोन रुपये चढवून गवार घेतली आणि तिथंच कॅरेटवर बसले. डब्यातल्या सगळ्या प्रकारच्या गोळ्या खाऊन झाल्या. ताप ढिम्म हलला नाही. उलट कंबरेतून कळ निघायला लागली. माझी मोठी बहीण अकोल्याला राहते. तिनं फोनवर माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "गाडीत बस. आत्ताच. नाई त मी येतो अन् तुले बाजारातून वढत नेतो." बहीण खरंच बाजारात आली असती. मी बडनेरा स्टेशनवरून गाडी धरली.

अकोल्यात पहिल्यांदा कुणी तरी माझ्या हातात स्वच्छ बाटली दिली आणि लघवी तपासायला मागितली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कागदावर औषधांची लांब यादी आणि प्रत्येकापुढं एक इंग्रजी अक्षर. R म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, S म्हणजे देतो. मला यादी वाचायला कुणी शिकवायची गरज नाही. वरून खाली बोट फिरवलं. R, R, R, R. दोन ठिकाणी S. दोन्ही इंजेक्शनं. आणि मग डॉक्टरीणबाईंचं ते दहा दिवसांचं आणि वांग्याचं बोलणं.

आता लॅब. भाची, या बहिणीचीच लेक, मायक्रोबायॉलॉजी शिकली आणि आता त्या लॅबमध्येच काम करते. मी गेले तेव्हा ती पांढऱ्या एप्रनमध्ये काउंटरवर उभी होती. समोर बाकावर चार-पाच माणसं बाटल्या घेऊन बसलेली. मी फाइल आपटली.

"हा रिपोर्ट बदलून दे."

"बदलून?" ती म्हणाली. "मावशी, साडी हाय का ते?"

"एखाद्या गोळीपुढं तरी S कर. म्या गोळी घेऊन घरी जातो. हर्रास बुडून राहिला माझा."

"म्या लिहिलं म्हणून थो जंतू मरन का?"

"तू लिहून त पाह्य."

बाकावरचा एक म्हातारा हसला. भाचीचे कान लाल झाले. ती लहानपणापासून शांत पोट्टी, पण त्या दिवशी तिनं काउंटरवर हात आपटला. "तू कोणासोबत भाव करून राहिली? माझ्यासोबत का जंतूसोबत?"

"जो ऐकन त्याच्यासोबत!"

तिनं माझं मनगट धरलं, मला आतल्या काचेच्या दारापाशी उभं केलं आणि आत गेली. परत आली ती हातमोजे घालून, हातात झाकण लावलेली एक चपटी काचेची ताटली घेऊन. "हात नको लावू. फक्त पाह्य."

ताटलीत फिक्कट खीर थिजावी तसा थर होता. त्यावर कपाळाला लावायच्या टिकल्यांएवढ्या कागदाच्या गोल चकत्या ठेवलेल्या. प्रत्येक टिकली वेगळ्या औषधात भिजवलेली असते, भाची म्हणाली. माझ्या लघवीतले जंतू आधी या ताटलीभर सारवतात, मग टिकल्या ठेवतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, तिथं स्वच्छ रिंगण पडतं. दोन टिकल्यांभोवती रिंगण होतं. बाकी टिकल्यांना जंतू टेकून उगवले होते. टेकून! रान माजलेल्या वावरात दगड पडावेत तशा त्या टिकल्या पडल्या होत्या.

"ही कोणती?" मी एकीकडे बोट केलं.

तिनं नाव सांगितलं. ती माझी पहिली गोळी होती.

"अन् ही?"

दुसरी. मेडिकलवाल्यानं भारी म्हणून दिलेली. तिच्या शेजारी तिसरी. माझा गाळ्यातला अख्खा खण त्या ताटलीत मांडलेला होता.

"चार-चार घ्यायची ना तू?" भाची म्हणाली. "चार गोळ्याइनं कच्चे जंतू मेले. जे थोडे दमदार होते ते राहिले. त्याइची पैदास झाली. मंग तू दुसरी गोळी आणली. पुन्हा तसंच. आता तुह्या पोटात सगळे निवडक हायेत, मावशी. तूच निवडले."

मग तिनं दुसरी ताटली आणली. ही लाल होती, रक्त घातलेली. जंतूंच्या ठिपक्यांभोवती लाल रंग उडून तिथं पारदर्शक कडं पडलं होतं. हे जंतू विष सोडून रक्ताच्या पेशी फोडतात, तिनं सांगितलं. त्यांना रक्तातलं लोह हवं असतं. आपण ते दडवून ठेवतो, ते हिसकावून घेतात. हे आपल्याच आतड्यातले. तिथं गुपचूप राहतात, पण यांच्यातल्या काहींना केसासारखे बारीक आकडे असतात. लघवीच्या वाटेनं ते वर चढतात, मूत्राशयाच्या भिंतीला आकडा अडकवतात आणि मग वरून चिकट थर घालून घेतात, छप्पर घातल्यासारखा. छपराखाली औषधही नीट पोचत नाही.

"अन् एकानं औषधावर तोड काढली ना," ती म्हणाली, "त थो शेजारच्याले देऊन टाकते. नात्यातला असो, नसो."

"फुकट?"

"फुकट."

आमच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याला फुकट काही सांगितल्याचं मला आठवत नाही. खोटं कशाला सांगू, त्या लाल ताटलीकडे बघताना मला या जंतूंबद्दल भीतीआधी कौतुक वाटलं. आकडा टाकून बसलेत, छप्पर घातलंय, रसद लुटतायत आणि एकमेकांना शिकवतायत. आणि मग पालकवाली आठवली, फुलवाली आठवली. मी गोळ्या वाटत होते तेव्हा तिकडे, माझ्याच पुण्याईवर, तोड वाटली जात होती.

भाची माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, आता ही नरम पडली. तिनं हळूच म्हटलं, "चूक तुही हाय, मावशी. पाणी पेत नाई, धरून ठेवते. लघवीच्या धारेनं हे जंतू वाहून जायले पायजे. तू त्याइले धुऊनच काढत नाई."

तिथं माझा भडका उडाला.

"माझी चूक? गोळ्या अर्ध्या घेतल्या ते माझी चूक, घे लिहून, सही करून देतो. पण पाणी? पाणी पिऊ अन् जाऊ कुठी? तुह्या ह्या लॅबमधी तुले संडास हाय. डॉक्टरीणबाईले हाय. मले सगळे सांगतेत, पाणी पे, पाणी पे. एकानं तरी इचारलं का, तू धरून काहून ठेवते? आकडे जंतूले हायेत, कुलूप कोणाले हाय?"

बाकावरची माणसं बाटल्या हातात धरून ऐकत होती. म्हातारा आता हसत नव्हता. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती पोट्टी माझ्याच रक्ताची. तिनं ताटली दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "तुहं बरोबर हाय. पण थे तू बाजारात जाऊन सांग. ह्याइले कुलूप दिसत नाई, मावशी. ह्याइले फक्त तुही किडनी दिसते."

मी त्याच संध्याकाळी भरती झाले.

पहिले तीन दिवस मला काही आठवत नाहीत, फक्त बहिणीचा हात आणि सलाइनचा थंडपणा. चौथ्या दिवशी सकाळी ताप नव्हता. लघवीला आग नव्हती. कंबरेतली पहार गेली होती. मी उठून वेणी घातली. अमरावतीहून फोन येत होते. माझ्या दोन हॉटेलांना दुसऱ्यानं माल द्यायला सुरुवात केली होती. तोच, मला घाबरल्या का म्हणणारा. मी पिशवी भरली. नर्सला म्हटलं, ही हाताची सुई काढ बाई, झालं माझं काम.

बहीण दारात आडवी उभी राहिली. "बस खाली."

"मले बरं वाटून राहिलं."

"मंग?"

बरं वाटून राहिलं. चार गोळ्यांनंतर दर वेळी मला हेच वाटलं होतं. बाजारात मुरलेला विक्रेता आधी थोडं सोडतो. दोन रुपये उतरवतो, तुमच्या तोंडावर समाधान दिसतं का बघतो. ते दिसलं की तो पुढं एक पैसा सोडत नाही. मी या गोष्टीसाठी माणसं ओळखते. समोरच्यानं पहिल्यांदा भाव उतरवला की मी मुद्दाम पाठ फिरवते. आणि मीच, भेंडीच्या एका ढिगासाठी अर्धा तास हुज्जत घालणारी मी, या जंतूंपुढं दर वेळी पहिल्याच उतरलेल्या भावाला मान डोलावून आले होते. त्यांनी आग तेवढी सोडली की मी खूश. बाकी सगळं त्यांच्याकडे. कधी मूत्राशय, कधी किडनी.

एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. मी पिशवी रिकामी केली.

दहा दिवस पुरे केले. सकाळचं इंजेक्शन पाच मिनिटं उशिरा आलं तरी नर्सला हाक मारायचे. ती बिचारी शेवटी मला टाळायला लागली. हॉटेलं गेली ती गेली. एक नंतर परत मिळालं, एक नाही.

दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. भरपूर पाणी पिणे, दर तीन तासांनी लघवीस जाणे, लघवी रोखून न धरणे, औषध दुकानातून परस्पर गोळ्या न घेणे. आठवड्यानं लघवीची पुन्हा तपासणी. मी वाचला आणि परत त्यांच्यापुढं ठेवला.

"यात माझ्या चुका सगळ्या आल्या," मी म्हटलं. "मी धरून का ठेवते, ते कुठं आलं?"

"ते वैद्यकीय कागदात कसं लिहिणार, ताई?"

"लघवी रोखून धरणे लिहिता येतं ना? मग का धरते तेही येतं. नाहीतर मी इथून हलत नाही. माझा गाळा बंदच आहे, मला घाई नाही."

बाहेर पेशंट वाट बघत होते. मला वाटलं, बाई हाकलतील. मग त्यांनी कागद ओढला, पेनचं टोपण काढलं आणि खाली मराठीत लिहिलं: रुग्णाच्या कामाच्या ठिकाणी स्त्रियांसाठी वापरता येईल असे शौचालय नाही. ते मिळणे उपचाराचा भाग आहे. सही केली, शिक्का मारला. "अजून काही?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वांग्याबद्दल बोललात ते मागं घ्या." त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेरून नर्स डोकावली. मागं घेतलं त्यांनी.

अमरावतीत मी गाळा उघडला आणि पहिल्याच दिवशी लिंबवाली बुढी आली. "बरी झाली वं? मले दोन गोळ्या दे. लय आग होऊन राहिली."

"गोळ्या नाईत."

"काहून? खणात हायेत ना."

होत्या. त्या मी पिशवीत भरून, नष्ट करण्यासाठी भाचीकडे पाठवायला काढल्या होत्या. मी बुढीला म्हटलं, आधी लघवी तपासू, मग कोणती गोळी चालते ते डॉक्टर सांगतील, मग सगळी पट्टी खायची. बुढीनं लिंबाची टोपली खाली ठेवली आणि कंबरेवर हात घेतले. "अस्सं! सोताले अकोल्याचं इंजेक्शन, अन् आमाले दोन गोळ्याही नाई? वाटत होती तवा लय गोड होती. आता ज्ञान देऊन राहिली!"

तिचं चुकीचं नव्हतं. फुलवालीही तेच म्हणाली, जरा मागून. दोन-तीन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी मी बुढीला हाताला धरून जवळच्या लॅबमध्ये नेलं, वाटेत तिनं मला माझ्या सासरच्या तीन पिढ्यांसकट शिव्या दिल्या. तिच्या ताटलीत नशिबानं बऱ्याच टिकल्यांना रिंगण होतं. डॉक्टरांनी साधी गोळी लिहून दिली. पाच दिवस, रोज दोन वेळा, मी तिला माझ्या डोळ्यांसमोर गिळायला लावली. ती जिभेखाली दडवायची. तोंड उघडून दाखव म्हणायचे. माझा स्वतःचा दुसरा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला: जंतू उगवले नाहीत. भाचीनं फोनवर वाचून दाखवला आणि म्हणाली, "याच्यात काही बदलून देऊ का?"

उगवले नाहीत म्हणजे परत येणार नाहीत, असं नव्हे. ते तिथंच आहेत, आतड्यात, आकडे घेऊन. मी पाणी प्यायले आणि वेळच्या वेळी गेले तर त्यांना भिंत धरता येत नाही. नाही गेले तर येते. इतकं सरळ आहे.

म्हणून एका सकाळी, हर्रास ऐन भरात असताना, मी मोठी बाटली तोंडाला लावली आणि सगळ्यांसमोर संपवली. मग ऑफिसात गेले. आतल्या बाजूला स्टाफचा संडास आहे, फरशी लावलेला, नळाला पाणी असलेला. टेबलावरचा बाबू उठून उभा राहिला.

"ताई, हे स्टाफसाठी आहे."

मी कागद पुढं केला. त्यानं वाचला, उलटून बघितला, पुन्हा वाचला. "साहेबाइले इचारा लागन."

"इचार ना. तवर म्या जाऊन येतो."

बाहेर आले तेव्हा दारापाशी लिंबवाली बुढी उभी होती, तिच्यामागं पालकवाली, तिच्यामागं फुलवाली, ओच्यात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. बाबू हतबल होऊन माझ्याकडे बघत होता. "ह्या किती जणी आता?"

"तुमी मोजा," बुढी म्हणाली आणि आत गेली.

बाबू म्हणाला, बायकांच्या संडासाचं कुलूप आठवडाभरात उघडतो, तोवर कृपा करा. मी म्हटलं, उघडा, आम्हाला तिकडंच जवळ पडेल. हे लिहिते आहे तोवर कुलूप आणि कॅरेट निघाले आहेत, नळ आलेला नाही. आम्ही अजून ऑफिसातच जातो, दर तीन तासांनी, साहेब असो वा नसो.

त्या सकाळी मी ऑफिसच्या पायरीवर होते तेव्हाच माझ्या आवडीच्या मेथीचा ढीग लागला होता. अडत्या लांबून ओरडला, "ताई, मेथी लागली! हर्रास थांबत नाई बरं का!"

"नका थांबवू," मी ओरडले. "बुढी बाहेर येऊ द्या, मंग येतो."

मेथी गेली. मी बुढीसाठी दार धरून उभी राहिले, ती बाहेर आली, आणि मग आम्ही दोघी फ्लॉवरच्या ढिगाकडे निघालो.